असोसिएटिव्ह मेमरी : एकाहून अधिक नोंदी जुळल्या तर?

पत्ता न देता थेट मजकुरावरून नोंद शोधणारी मेमरी १९५६ मध्ये क्रायोट्रॉनच्या रूपात मांडली गेली. द्रव हेलियमच्या तापमानात चालणारी ती अतिवाहक मंडलं होती. पुढे प्रश्न आला, 'ही नोंद आहे का?' याखेरीज 'सर्वात मोठी कोणती?' हेही तिला विचारता येईल का? येतं, आणि रीत फार देखणी आहे. सर्वात वरच्या बिटपासून सुरुवात करून सगळ्या नोंदींना एकदम विचारायचं, '१ आहे का?' कुणी हो म्हटलं तर बाकीच्या बाद. कुणाकडेच १ नसला तर सगळ्यांना घेऊन पुढचा बिट. ३२ बिटांना ३२ फेऱ्या, मग नोंदी शंभर असोत की लाख.

मतं दुभंगली ती अनेक नोंदी एकदम जुळल्यावर काय करायचं यावर. सरळ उपाय साखळीचा : जी नोंद जागेने सर्वात वर, ती आधी बाहेर. १९६२ मधली दुसरी पद्धत जागेकडे बघतच नाही. प्रत्येक स्तंभ, म्हणजे सगळ्या नोंदींमधला त्याच क्रमांकाचा बिट, सांगतो, उरलेल्यांत सगळे ०, सगळे १, की दोन्ही. दोन्ही असले की फाटा फुटतो. आधी ०ची वाट धरायची, १च्या वाटेला नंतर यायचं. 'म' नोंदींच्या झाडाला 'म' पानं आणि 'म उणे १' फाटे, म्हणून चौकश्या २म-१. दहा नोंदी १९ चौकश्यांत, त्याही चढत्या क्रमाने, बिट कितीही असोत! अगदी एकसारख्या दोन नोंदी मात्र तिला वेगळ्या काढता येत नाहीत, साखळीला येतात. स्तंभागणिक जादा तारा लागतात त्या वेगळ्याच. रूढ झाली साखळी. माझ्या मते दुसऱ्या पद्धतीला मिळायला हवं होतं तेवढं महत्त्व मिळालं नाही.

(न्यूरल नेटवर्कवालेही १९७० च्या दशकापासून 'असोसिएटिव्ह मेमरी' म्हणतात, पण ती अर्धवट खुणेवरून जवळचं आठवते. इथे तो अर्थ नाही.)

साखळीचं ओझं राउटरांवर पडलं. १९९३ मध्ये इंटरनेट पत्त्यांचे ठरावीक वर्ग गेले. एकाच पत्त्याला अनेक प्रीफिक्स (पत्त्याचे सुरुवातीचे काही बिट) जुळू लागले आणि त्यांतला सर्वात लांब निवडणं भाग पडलं. ०, १ आणि 'काहीही चालेल' असे तीन पर्याय साठवणाऱ्या टीकॅम चिपमध्ये शोध एका फेरीत होतो, पण जुळलेल्यांतून एक निवडणारा तिचा प्रायॉरिटी एन्कोडर साखळीसारखी वरची जागाच उचलतो. म्हणून लांब प्रीफिक्स वर, आखूड खाली. नवा घुसवायचा तर जुने सरकवा. लांबीनुसार गट केले की प्रत्येक गटातला एकच सरकवावा लागतो, म्हणजे ३२ बिटांच्या पत्त्यांना फार तर ३२ हालचाली.