गावात सीसीटीव्ही आणि पथदिव्यांसाठी सरकारी निधी: कोण मागू शकतं, कागद कोणते, अर्ज कुठे

कापूस घरात आला, सोयाबीनचे कट्टे ओसरीत रचले गेले की विदर्भातल्या खेड्यांत चोरीची धास्ती वाढते. वावरातल्या मोटारीची केबल, गोठ्यातली जनावरं, फाट्यावर लावलेली दुचाकी, सगळ्यांचाच घोर. फाट्यावर आणि वेशीवर दिवे नि कॅमेरे हवेत, हे सगळ्यांना पटतं. अडतं ते पैसा मागायचा कुठे, इथे.

हा निधी एका व्यक्तीला किंवा मंडळाला मिळत नाही. मागणी ग्रामपंचायतीचीच लागते आणि तिचा पाया म्हणजे ग्रामसभेचा ठराव. म्हणून सगळ्यात जास्त मेहनत ठरावावर घ्या. "गावात कॅमेरे बसवावेत" एवढ्या एका ओळीचा ठराव पुढे कुणाच्याच कामाचा नसतो. किती कॅमेरे, कोणत्या जागी (एसटी थांबा, शाळेचं फाटक, पांदण रस्त्याचं तोंड), जागा कुणाच्या मालकीची, वीज कुठून घेणार, बिल आणि दुरुस्ती कोणत्या निधीतून, हे सगळं ठरावातच लिहा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती. नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते, तिथे हा विषय आवर्जून ठेवा. अंधार कुठे आहे आणि संध्याकाळी कोणत्या वाटेनं जायला भीती वाटते, हे बायाच नेमकं सांगतात.

पहिला आणि माझ्या मते सर्वात भरवशाचा मार्ग वित्त आयोगाच्या निधीचा, म्हणजे आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाचा. 15व्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, 40 टक्के अबंधित. गावाच्या स्थानिक गरजेची कामं अबंधित भागातून घेता येत. पगार आणि आस्थापनेचा खर्च मात्र त्यातून चालत नसे. त्या आयोगाचा कालावधी 2025-26 पर्यंतचा, म्हणून पुढच्या वर्षांचं काम धरताना चालू नियम पंचायत समितीत विचारून घ्या. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेलं असलं पाहिजे. ते तिथे नसेल तर पैसे खात्यात पडून असले तरी बिल निघत नाही. आराखड्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, तेव्हा विषय त्याआधीच सरपंच आणि ग्रामसेवकांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्या आणि पोच घ्या. पात्रतेची एक अट गावकऱ्यांना फारशी माहीत नसते: 15व्या आयोगाच्या निधीसाठी निवडून आलेली बॉडी आणि ऑनलाइन भरलेले हिशेब लागत. लेखापरीक्षण थकलं असेल तर आधी ते मार्गी लावा.

दुसरा मार्ग जिल्हा वार्षिक योजनेचा. ही योजना आखणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. हायवेलगतची, आठवडी बाजाराची मोठी गावं इथे जोर लावू शकतात, कारण तिथल्या चित्रीकरणाचा उपयोग आसपासच्या गावांच्या तपासालाही होतो. प्रस्ताव ठाणेदारांच्या शिफारशीसह पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत पाठवलेला बरा.

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून काम हवं असेल तर त्यांचं शिफारसपत्र लागतं. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसा लोकप्रतिनिधीच्या हातात येत नाही. या निधीतून वस्तू उभी राहते. देखभाल ग्रामपंचायतीनेच करायची, तसं हमीपत्र द्यावं लागतं.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळच्या पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेली गावं) आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधीही मिळतो. त्याच्या खर्चाचे विषय मात्र ठरलेले आहेत. आपलं काम त्यांत बसतं का, ते आधी गट विकास अधिकाऱ्यांना विचारा.

कोणताही मार्ग धरला तरी फाईलमध्ये ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, जागेचा उतारा (गावठाणातली असेल तर नमुना 8), शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि त्यावर तांत्रिक मान्यता, जागांचा हाती काढलेला का होईना नकाशा आणि देखभालीचं हमीपत्र ठेवा. पोलीस पाटलांचं पत्र आणि गेल्या काळात दाखल झालेल्या गुन्ह्यांची माहिती जोडली तर मागणीला वजन येतं. चोरी झाली तरी तक्रार न देण्याची आपल्याकडची सवय इथेच नडते, कारण कागदावर गाव शांत दिसतं. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग खरेदी. मान्यतेआधी ओळखीच्या दुकानदाराकडून कॅमेरे उचलून आणू नका, ते बिल पुढे लेखापरीक्षणात अडकतं.

अंदाजपत्रक करतानाच इन्व्हर्टर आणि वीज पडण्यापासून संरक्षणाची साधनं धरा. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या गडगडाटात यंत्रं जळतात आणि लाइट जाण्याला तर वेळकाळ नाही. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या अंगणाकडे, न्हाणीकडे किंवा बायांच्या पाणवठ्याकडे नको.

रेकॉर्डिंगचं यंत्र कुलपात आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे, हेही ठरावातच नोंदवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असं चित्रीकरण न्यायालयात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला सही करून द्यावं लागतं, म्हणून ही जबाबदारी पदाच्या नावाने लिहा. माणूस बदलून गेला तरी काम अडू नये.