तुटलेला शाफ्ट काय सांगतो?

"आताच्या गाड्यांत दम नाही." चिखलात, वाळूत, दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्यांच्या कुठल्याही बैठकीत हे वाक्य पाच मिनिटांत येतंच. मग कोणीतरी जुन्या जीपच्या मडगार्डवर बोटांची पेरं आपटून दाखवतं. ठण्ण असा भरीव आवाज येतो. नव्या गाडीवर तेच केलं की डबा वाजतो, आणि निकाल लागतो.

मला या निकालाशी भांडायचं आहे. मडगार्डवर गाडीचा भार येतच नाही, तेव्हा त्याच्या आवाजावरून चासीचं, म्हणजे भार उचलणाऱ्या सांगाड्याचं, आयुष्य कळणार कसं? दुसरं कारण माझ्या टेबलावर पडलेलं आहे. ज्या मित्राने मला तो ठण्ण आवाज ऐकवला, त्याच्याच तीस वर्षांच्या गाडीचा मागचा हाफ शाफ्ट, म्हणजे मागचं एक चाक फिरवणारा पोलादी दांडा, तुटला. तो म्हणाला, "दगडावर आपटली आणि तुटला." तुकडा मी मागून घेतला. धुऊन, पुसून, भिंगाखाली धरला, आणि दगड निर्दोष निघाला.

तुटलेल्या तोंडाचे दोन भाग स्वच्छ दिसतात. जवळपास दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काहीसा काळपट, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानी, एकापुढे एक. उरलेला भाग खरबरीत, चमकदार, दाणेदार. कमानी उलट्या दिशेने मागे नेल्या की सगळ्या एकाच जागी येऊन मिळतात. बेअरिंग बसतं तिथे शाफ्टचा व्यास एकदम कमी होतो, त्या पायरीच्या कोपऱ्यात गंजाचा एक बारीक खड्डा आहे. तडा तिथे जन्मला आणि महिनोन्महिने हळूहळू आत सरकत गेला. भार कमी-जास्त झाला, गाडी काही दिवस उभी राहिली, की एक कमान उमटली. शेवटी अखंड पोलाद एवढं थोडं उरलं की कुठलाही धक्का पुरेसा होता. तो त्या दिवशीच्या दगडाने दिला. दगड नसता तर पुढच्या आठवड्यात एखाद्या खड्ड्याने दिला असता.

त्या दाणेदार भागाकडे बोट दाखवून फिटर म्हणाला, "हादऱ्यांनी लोखंडात दाणे पडले, लोखंड म्हातारं झालं." ही समजूत दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि चुकीची आहे. पोलाद कारखान्यातून येतं तेच स्फटिकांचं बनलेलं. शेवटचा भाग एका झटक्यात फाटतो म्हणून तिथे दाणे डोळ्यांना दिसतात, एवढंच. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाचा किनारा धुंडाळून आलेला दर्यावर्दी द्युमाँ द'उर्व्हिल त्यांत होता. तेव्हाही लोखंडात 'दाणे पडले' असंच अनेकांना वाटत होतं. पुढच्याच वर्षी स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिनने मोडलेले आस तपासून सांगितलं की तडा पायरीच्या कोपऱ्यात सुरू होतो आणि हळूहळू वाढतो, म्हणून पायरीला गोलाई द्या. माझ्या टेबलावरच्या शाफ्टला ती गोलाई जेमतेम आहे.

मग आला जर्मन रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्होलर. त्याने आस फिरवत ठेवणारी यंत्रं बांधली, वर्षानुवर्षं चालवली आणि १८७० मध्ये निष्कर्ष मांडले. एका झटक्यात लोखंड तोडायला जेवढा ताण लागतो, त्याहून कितीतरी कमी ताणही पुन्हा पुन्हा दिला तर ते तुटतं. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो.

हे पुन्हा पुन्हा म्हणजे किती? पाऊण मीटरपेक्षा थोडा जास्त व्यास असलेलं चाक एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला साधारण ४१७ फेरे. मित्राच्या गाडीच्या धाटणीत गाडीचं वजनही शाफ्टवरच येतं. त्यामुळे शाफ्टचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा खेचला जातो आणि एकदा दाबला जातो. दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीच्या शाफ्टने हे आठ कोटींहून जास्त वेळा सोसलेलं असतं. माणूस एका आपटण्याची आठवण ठेवतो, शाफ्ट आठ कोटी फेऱ्यांचा हिशेब ठेवतो.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. आलेखावर उभ्या अक्षावर ताण घ्या आणि आडव्या अक्षावर तुटेपर्यंतचे फेरे. आडवा अक्ष दहापटींचा, म्हणजे हजार, दहा हजार, लाख, दहा लाख अशा सारख्या अंतराच्या पायऱ्यांचा. ताण कमी करत जा, फेरे वाढत जातात आणि रेघ उतरत जाते. साध्या पोलादाची रेघ दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांच्या दरम्यान एकदम आडवी होते. त्या पातळीखालचा ताण असेल तर प्रयोगशाळेतला गुळगुळीत नमुना जवळजवळ कायम टिकतो. गुळगुळीत नमुन्यासाठी ही पातळी बऱ्याच पोलादांत तोडताणाच्या, म्हणजे एका झटक्यात तोडायला लागणाऱ्या ताणाच्या, साधारण निम्मी असते.

असं का होतं? धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांत अणूंच्या ओळींमधले दोष सरकतात. सतरंजीत पडलेली सुरकुती ढकलत नेली की सगळी सतरंजी थोडी सरकते, तसं. पोलादात कार्बन आणि नायट्रोजनचे छोटे अणू या सुरकुत्यांपाशी जाऊन बसतात आणि त्यांना खिळवून ठेवतात. ताण कमी असेल तर सुरकुती सुटत नाही. सुरकुत्या पुढेमागे झाल्या नाहीत तर पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पडत नाहीत, आणि खाचच नसेल तर तडा कुठून सुरू होणार? ॲल्युमिनियममध्ये अशी स्पष्ट आडवी रेघ नसते. ताण कितीही कमी ठेवला तरी त्याची रेघ उतरतच राहते.

या रेघेवरून जुन्या-नव्याचा वाद पाहिला की त्याचं रूप पालटतं. १९४१ ची विलिस जीप किंवा १९४८ ची पहिली लँड रोव्हर बांधणाऱ्यांना ताण किती येईल याचा नेमका हिशेब करता येत नव्हता. म्हणून ते जाड पोलाद वापरत आणि ताण आडव्या रेघेच्या बराच खाली ठेवत. जाडीचं मोठं कारण हिशेबातली अनिश्चितता होतं. (पहिल्या लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, कारण युद्धानंतर पोलादाची टंचाई होती. भार मात्र पोलादी चासीच उचलत होती.) विलिसचं इंजिन ६० अश्वशक्तीचं आणि गाडी टनभराच्या थोडी वर. आजच्या अशा काही गाड्या दोन टनांच्या आसपास आणि तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या असतात, तेव्हा शाफ्टवर येणारा पीळही वाढलेला आहे.

आज खडबडीत रस्त्यावर गाडी पळवून प्रत्येक ठिकाणचा ताण नोंदला जातो. कुठल्या पातळीचा ताण किती वेळा आला हे मोजून त्याची बेरीज करतात, मग तोच मार चार खांबांवर गाडी उभी करून हायड्रॉलिक दट्ट्यांनी तिला देतात. वर्षांचं आयुष्य काही आठवड्यांत संपतं. या चाचणीतून उतरलेली गाडी ठरलेल्या आयुष्यापर्यंत पोचते, आणि ते आयुष्य जुन्या गाड्यांच्या मानाने भरपूर असतं. पण ठरलेल्या वापराबाहेर गेलात तर गाठीला शिल्लक कमी. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. ताण १० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य एक चतुर्थांशाने कमी, दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांशच उरतं. मोठे टायर, टपावर तंबू, मागे जादा टाक्या, पुढे लोखंडी बंपर हे सगळं चढवून "नवीन गाडीची चासी कच्ची" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वेल्डबद्दल आणखी एक गोष्ट, जी जाहिरातींत कधीच येत नाही. साच्यात तापवून दाबलेल्या बोरॉन पोलादाचा तोडताण १५०० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) घरात जातो, साध्या मऊ पत्र्याचा तीनशेच्या आसपास. म्हणजे पाचपट टिकाऊ का? नाही. वेल्डच्या कडेला आधीपासूनच केसाहून बारीक खाचा असतात, शिवाय थंड होताना धातू आकसल्याने तिथे ताण अडकून राहतो. तडा जन्मलेलाच आहे, प्रश्न उरतो फक्त तो किती वेगाने वाढतो याचा. आणि तो वेग सगळ्या पोलादांत जवळपास सारखाच असतो, कारण सगळी पोलादं एकाच प्रमाणात ताणली जातात, त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताणाखाली लांबायला होणारा विरोध, साधारण २०० गिगापास्कलच असतो. त्यामुळे वेल्डचा थकवा पोलाद भारी की साधं हे बघत नाही. भारी पोलाद अपघातात माणसं वाचवतं, हे त्याचं मोठंच काम आहे. खडबडीत वाटेवर चासी टिकणार ती वेल्ड कुठे ठेवले आणि त्यांची कड कशी घासली यावर.

'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्याचंही असंच. अमेरिकी सैन्याच्या मिल-एसटीडी-८१० या प्रसिद्ध दस्तऐवजात चाचण्या कशा घ्यायच्या ते लिहिलं आहे, कसली प्रतवारी दिलेली नाही. कुठली चाचणी किती कडक घेतली हे सांगितल्याशिवाय तो शब्द पोकळ आहे. इंधनाच्या नळीवर चुंबक बसवून इंजिनाचं आयुष्य वाढवणारे तर त्याहून पुढे गेलेले. पेट्रोल-डिझेलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, ज्वलनाला त्याने काही फरक पडत नाही. ते पैसे डिझेलच्या चांगल्या फिल्टरवर घाला.

गंजाकडे वळू, कारण पोलादाची ती सुंदर आडवी रेघ गंज पुसून टाकतो. ओल आणि मीठ असलेल्या ठिकाणी पोलादालाही थकव्याची खालची मर्यादा उरत नाही. गंजाचा खड्डा म्हणजे आयती खाच. जुन्या चासीच्या बंद पेटीत चिखल साठतो आणि ती आतून कुजते, बाहेर रंग शाबूत असतो. इथे नव्या गाड्या फार पुढे आहेत. पत्र्याला जस्ताचा थर असतो आणि सगळं अंग विजेच्या प्रवाहाने रंग बसवणाऱ्या हौदात बुडवतात, म्हणून रंग पेटीच्या आतही पोचतो. बेअरिंगचं पोलादही स्वच्छ झालं आहे. निर्वातात वायू काढून घेतल्याने त्यातले ऑक्साइडचे कण, जिथे तडे सुरू होतात, फारच कमी झाले. चोक ओढून गाडी सुरू करताना जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन न्यायचं, तेही फ्युएल इंजेक्शनने थांबवलं. जुन्या कित्येक गाड्यांच्या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे असत, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्याहून पुढचा आकडा द्यावा असं बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या हलक्या वाहनांचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर पोचलं होतं. आज दिसणारी जुनी जीप ही तिच्या पिढीतली वाचलेली गाडी आहे. तिच्याबरोबरच्या बाकीच्या कधीच भंगारात गेल्या, त्यांच्या मडगार्डवर कोणी पेरं आपटत नाही.

जुन्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो, आणि त्याच्या मुळाशीही वारंवार होणारी बारीक हालचालच आहे. नव्या गाडीत विजेचे शेकडो जोड असतात. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना हादऱ्यांनी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात पुढेमागे घासतात. प्रत्येक घासण्यात मुलाम्याचा कण सुटतो, त्याचा ऑक्साइड होतो आणि तो पिनांच्या मधे साठतो. जुन्या गाडीच्या ६० वॅटच्या दिव्यातून पाच अँपिअर वाहत असल्याने त्याला हा थर फारसा जाणवायचा नाही. पाच व्होल्टच्या सेन्सरचा प्रवाह नगण्य असतो, त्याला तेवढा अडथळा पुरतो. मग गाडी अचानक ताकद टाकते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सेन्सर बदलला की ठीक होते, कारण बदलताना जोड ओढून परत बसवला जातो आणि थर पुसला जातो. सेन्सर बहुधा चांगलाच होता. वस्तीपासून दोनशे किलोमीटरवर हे घडलं तर जुनी गाडी तारेने बांधून चालवता आली असती, नवी चालवता येत नाही. ही उणीव दुरुस्तीच्या सोयीतली आहे आणि ती खरी आहे, पण तिला 'दम नाही' म्हणणं चूक.

मित्राला हे सगळं पटलं नव्हतं. त्याचं दगडावरच बोट होतं, आणि दगड उजव्या चाकाला लागला होता. मी म्हटलं, डावा शाफ्टही काढ. त्याने काढला. दिसायला धडधाकट. पुसून कोरडा केला, त्यावर लाल द्रव फवारला, दहा मिनिटांनी पुसून टाकला आणि पांढरी भुकटी मारली. तडा असला तर त्यात मुरलेला लाल रंग भुकटीतून वर येतो. दोघं बघत उभे राहिलो. बेअरिंगशेजारच्या त्याच पायरीवर, त्याच कोपऱ्यात, आधी एक ठिपका आला, मग त्याची रेघ झाली, आणि रेघ शाफ्टभोवती जवळजवळ एक तृतीयांश फिरून थांबली.