जमिनीचे जुने नकाशे आणि कुळशोध

जमीनमोजणीचे जुने नकाशे आणि त्यांना जोडलेली महसुली कागदपत्रे यांवरून घराण्याच्या मागच्या पिढ्या, भाऊबंद, वस्ती आणि स्थलांतर यांचा माग काढण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा मुख्य आधार एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात झालेली जमिनीची पाहणी हा आहे. विदर्भ, मराठवाडा आणि गोवा येथे राजवटी वेगळ्या होत्या, त्यामुळे कागद, भाषा आणि शब्दही वेगळे पडतात. छापील कुलवृत्तांत निघाले ते बहुतांशी लिहित्यावाचत्या घराण्यांचे. ज्यांचा कुलवृत्तांत कधी निघाला नाही अशा असंख्य शेतकरी, बलुतेदार आणि वतनदार घरांची नावे मात्र महसुली दप्तरात आहेत, आणि म्हणूनच या साधनाचे मोल मोठे आहे.

नंबर आणि नाव

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात निघालेल्या अनेक काउंटी नकाशांवर जमिनीच्या तुकड्यावरच मालकाचे नाव छापलेले असे. मुंबई इलाख्याची रीत निराळी होती. गावनकाशा उलगडला की शिव, ओढा, गाडीवाट, विहिरी, गावठाण आणि सर्व्हे नंबर दिसतात. माणसाचे नाव कुठेही नसते. नवखा शोधक येथेच निराश होऊन नकाशा बाजूला ठेवतो आणि नुसते फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, वाचत बसतो. ही चूक पुढे महागात पडते. नावे फसवी असतात: एकाच गावात एकाच काळी तीन ‘रामा बिन सखाराम’ सापडतात, आडनाव कधी लिहिलेले असते, कधी नसते. नंबर मात्र जमिनीला चिकटलेला असतो. नंबर धरून नावाकडे जायचे, नाव धरून नंबराकडे नाही, हा या शोधाचा पहिला नियम.

नकाशा आणखी एक गोष्ट देतो, जी कुठल्याही नोंदवहीत एका जागी मिळत नाही, ती म्हणजे बांधाला बांध लागून कोण होते. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमुक, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमुक. त्या नकाशावर बसवल्या की शेजारच्या नंबरांचे धारक कळतात, आणि शेजारी पुष्कळदा चुलत घराण्यातलेच निघतात.

पाहणीच्या आधी

इंग्रजी मोजणीपूर्वी दख्खनच्या अनेक गावांत जमीन ‘थळां’त विभागलेली होती. थळ मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या, घराण्याच्या नावाने ओळखले जाई आणि त्या घराण्याचे भाऊबंद ते मिळून सांभाळत. गावच्या थळांची यादी म्हणजे थळझाडा. घराणे नष्ट झाले किंवा परागंदा झाले तर ती जमीन ‘गतकूळ’ म्हणून लिहिली जाई, पण थळाचे नाव पुसले जात नसे. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या जमीनधारणेवर लिहिताना या थळांची दखल घेतली आहे. आज सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो. तो बहुधा कोरा असतो किंवा कुणी वाचत नाही. पण गावात आता एकही घर नसलेल्या आडनावाचे शेत त्या रकान्यात दिसले, तर ते गतकूळ झालेल्या घराण्याची खूण असू शकते.

मोजणी आणि तिचे कागद

पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या शेवटी केलेली पहिली पाहणी गुंतागुंतीची आकडेमोड आणि खालच्या कारकुनांची लबाडी यांमुळे फसली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. आकारणी साधारण ३० वर्षांसाठी ठरे, मग फेरआकारणी होई. त्यामुळे बऱ्याच गावांचे कागद दोन थरांत मिळतात.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेतातून मुख्य रेघ टाकी, बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत तिच्यापासून लंब घेई आणि मापे कच्च्या आकृतीत टिपून ठेवी. तेच ‘टिपण’. शंकू-साखळीची ही टिपणे भूमि अभिलेख कार्यालयात आजही वापरात आहेत. हद्दीचा वाद आला की मोजणीदार तीच काढतो. क्षेत्र काढण्याचे गणित गुणाकार बुकात, नंबरवार क्षेत्र आणि आकार, म्हणजे ठरलेला सारा, आकारबंदात, धारकाचे नाव शेतवार पत्रकात.

सर्व्हे नंबर पाडताना फार लहान तुकडे स्वतंत्र न ठेवता एका नंबरात घेत. म्हणून पहिल्या पाहणीत एका नंबरावर दिसणाऱ्या एका नावामागे चार भाऊ असू शकतात. त्यांचे हिस्से आण्यांत सांगितलेले असतील तर नशीब.

मागे मागे जाताना

सुरुवात आजच्या सातबाऱ्यावरून करावी लागते, आणि पहिली अडचण तेथेच येते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या तोंडी असलेला नंबर आणि आजचा गट नंबर जुळत नाही, तो यामुळे. गावच्या एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात जुना नंबर आणि नवा गट शेजारी शेजारी असतात. ते पत्रक हाती आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले आकडे उतरवून घ्यायचे. हे फेरफार क्रमांक. ज्याचे नाव कमी झाले ते कंसात जाते. कंसातले नाव आणि वर्तुळातला आकडा यांची जोडी लावत गेले की फेरफार नोंदवहीतून, म्हणजे गाव नमुना ६ मधून, एकेक पिढी मागे सरकते. वारसाच्या नोंदींसाठी गाव नमुना ६क पाहायचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, म्हणून ही साखळी साधारणपणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचते. तेथून मागे उडी घ्यायची ती नकाशा, टिपण आणि शेतवार पत्रकावर.

पोटहिस्से हा या वाटेवरचा सर्वांत समृद्ध भाग आहे. एक नंबर ४२/१ आणि ४२/२ होतो, पुढे ४२/२अ आणि ४२/२ब. फाळणी नकाशावर, म्हणजे पोटहिस्से दाखवणाऱ्या नकाशावर, या रेघा दिसतात. वडिलांच्या माघारी तीन भावांनी शेत उभे चिरले की आडवे, विहीर कुणाच्या वाट्याला गेली, वाट सामाईक ठेवली का, हे सगळे त्या रेघांत असते. तिघांना सारख्या पट्ट्या आणि विहिरीत तिसरा हिस्सा, असे दिसले तर ती वाटणी असण्याचा संभव मोठा. एका बाजूचा वेडावाकडा तुकडा वेगळा झाला असेल तर विक्रीची शंका घ्यावी आणि फेरफार वाचूनच ठरवावे. प्रत्येक पोटहिस्सा म्हणजे एक भाऊ असे समजून वंशवृक्ष काढणारे लोक नसलेले पूर्वज जन्माला घालतात.

नावे वाचताना

जुन्या नोंदींत ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान, कागदावर आई किंवा चुलता. ही तीन अक्षरे सोन्यासारखी आहेत, कारण बाप मुलगा सज्ञान होण्याआधीच वारला हे ती सांगतात आणि मुलाच्या जन्मसालाला एक मर्यादा घालून देतात. ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे नावापुढे असेल तर त्या नावाआड धाकटे भाऊ आहेत असे धरून चालावे.

मुली या कागदांत दिसत नाहीत अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी. जुन्या वारसनोंदींत त्यांना वगळलेले असे हे दुःखद सत्य आहे. पण बहिणींनी भावांना लिहून दिलेल्या हक्कसोड पत्रात त्यांचे सासरचे नाव आणि गाव येते. कुटुंबाच्या आठवणीतून गळून गेलेली आत्या किंवा पणजीची बहीण अशा कागदात पुन्हा भेटते. हक्क सोडताना का होईना, तिचे नाव लिहिले गेले.

ज्यांची जमीन नव्हती, त्यांचे काय? कुळे पीकपाहणीत, म्हणजे गाव नमुना १२ मध्ये, दिसतात. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी अनेक कुळे मालक झाली. त्यावेळच्या, त्या कायद्याच्या कलम ‘३२ ग’ खालच्या चौकशीच्या कागदांत कूळ किती वर्षे, कोणत्या पिढीपासून जमीन कसते याचे जबाब मिळू शकतात. कोकणात खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्याचे, नाव मोठ्या अक्षरात आणि कसणाऱ्याचे कोपऱ्यात, म्हणून तेथे खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा आणि त्यानंतरचे कागद आधी पाहावेत.

महार वतनाच्या जमिनी इनाम वर्ग ६ब म्हणून नोंदल्या गेल्या. गावकामगार म्हणून राबवून घेण्याच्या बदल्यात दिलेली ही जमीन किती जाचक होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या विधेयकातून जगासमोर आले. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने गेली. त्याच नोंदींमुळे अनेक दलित कुटुंबांना आपल्या पणजोबांचे नाव आज कागदावर वाचता येते. गावनकाशावर या जमिनी कुठे पडल्या आहेत हेही पाहण्यासारखे आहे. गावाने कुणाला कोणती माती दिली, ते तेथे उघड दिसते.

मोडी आणि सन

जुने थर मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि घाईने लिहिलेले आडनाव दोन-तीन प्रकारे वाचता येते. अंदाजाने वाचण्यापेक्षा त्याच कारकुनाच्या हातची, आपल्याला ठाऊक असलेली नावे आधी वाचून त्याचे वळण ओळखून घेणे बरे. सनही नीट उलगडावे लागतात. शकात ७८ मिळवायचे, दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१, आणि पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. सुहूर सन अरबी अंकशब्दांत येतो: ‘इहिदे अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२११, इसवी १८१०-११. पेशवे दफ्तर आणि इनामांचे कागद पुण्याच्या अभिलेखागारात आहेत, आणि ते मोडी येत नसेल तर मुके आहेत.

इतर प्रदेश

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथले जुने कागद बरेचसे उर्दूत, इनामांसाठी मुंतखब (इनाम मान्य केल्याचा कागद), आणि १९५० च्या दशकातले खासरा पत्रक (नंबरवार जमिनीची नोंद) हा नेहमीचा आरंभबिंदू. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा भागांत मालगुजारी, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालगुजाराकडे गावाची मालकी असण्याची पद्धत, होती, ती १९५१ मध्ये संपली; वऱ्हाडात मात्र मुंबईच्या धर्तीची पाहणी झाली होती. मुंबई शहरात १८७२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या लॉटन यांच्या पाहणीचे नंबर जुन्या मिळकतींच्या दस्तांत अजून येतात.

गोव्यात गोष्ट आणखी जुनी आहे. गावकऱ्यांच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल या सनदेत लिहून घेतल्या. गावाची जमीन सामाईक, तिचा भोग मूळ गावकऱ्यांच्या वांगडांकडे, म्हणजे कुळगटांकडे, आणि उत्पन्नातला ‘जण’, म्हणजे वाटा, पुरुष वारसांना. जण मिळवण्यासाठी नाव नोंदवावे लागे, म्हणून कोमुनिदादीच्या, म्हणजे या गावसंस्थेच्या, वह्या या आपोआपच वंशावळीच्या वह्या झाल्या. १९६१ नंतरच्या मोजणीतला नमुना १ व १४, म्हणजे तिथला सातबारा, त्यांना नकाशाची जोड देतो.

आजचा उपयोग

जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे जुने महसुली कागद आता केवळ हौशी संशोधकांचे राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज गावोगाव जाणवली. जुने फेरफार, सातबारे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी बऱ्याच तालुक्यांत संगणकावर छायाप्रतीत पाहता येतात. टिपण आणि फाळणी नकाशासाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो. सातबारा हा महसुली कागद आहे, वंशाचा पुरावा नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे: दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या वारसांत नसतो, आणि गहाणदाराचे नाव धारक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असू शकते.

परदेशी गेलेल्यांच्या वंशजांचा प्रवास उलट दिशेचा असतो. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपल्या आहेत. रत्नागिरी, सातारा भागांतून गेलेल्यांच्या वंशजांच्या हाती त्यांतून एखादे गावाचे नाव येते, जमिनीचा नंबर येत नाही. त्यांनी त्या नावाची सगळी गावे काढून, आडनावाच्या आधारे शेतवार पत्रके चाळावीत.

ज्या इंदापूर तालुक्यात ही पाहणी सुरू झाली, तेथली भीमाकाठची जमीन पुढे उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी उतरले की दिसते. बांध, वाटा, विहिरी आणि जुने गावठाण गावनकाशावरच पाहावे लागते. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांचेही तसेच. विस्थापित कुटुंबांतल्या वृद्धांसमोर असा नकाशा पसरावा आणि त्यांना बोट ठेवू द्यावे. कोणत्या नंबरात कुणाचे खळे होते, कुठल्या बांधावरून भांडण झाले, कुठल्या आंब्याखाली कोण पुरले, हे नंबरवार लिहून घ्यायला एक वही पुरते, आणि ते आताच लिहून घ्यायला हवे.