एकाच ओढ्याचं पाणी वर वेगळं, खाली वेगळं

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, व्हाइट माउंटन्सच्या डोंगरांत हबर्ड ब्रूक हे जंगल आहे. तिथल्या वनखात्याने १९५५ साली ते संशोधनासाठी राखून ठेवलं. तळाचा खडक जवळपास पाणबंद. जिरलेलं पाणी खोल निसटत नाही, शेवटी ओढ्यातच उतरतं. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी ‘व्ही’ आकाराच्या खाचेचा बंधारा घातला की अख्ख्या पाणलोटाचा हिशेब एका जागी मिळतो.

हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये हा हिशेब मांडायला घेतला. पावसाचं पाणी तपासलं तर ते चांगलंच आम्लधर्मी निघालं. उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेचा छडा लागला तो इथून. १९६५च्या अखेरीस एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि पुढे तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं.

पण हे सगळं पायथ्याला मोजलेलं. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात, तसं ओढ्याच्या कडेने वर चढत गेलं की तेच पाणी जास्त आम्लधर्मी होत जातं, त्यात ॲल्युमिनियमही वाढतं. खाली माती जाड आहे, तिथे पाणी जास्त काळ मुरतं आणि खनिजं विरघळून आम्ल मारतात, हे उत्तर बरीच वर्षं दिलं गेलं. ते खरं आहे, पण मला ते अर्धंच वाटतं. उरलेलं उत्तर स्कॉट बेली, केव्हिन मॅग्वायर यांच्यासारख्या संशोधकांनी खड्डे खणून काढलं.

माथ्यावर, उघड्या कातळाशेजारी खणलं की पालापाचोळ्याखाली राखेच्या रंगाची, धुऊन निघालेली माती लागते आणि लगेच खडक. तिथून थोडं उतारावर खणलं की काळपट तपकिरी, जाड थर. वरच्या मातीतून निघालेलं लोह, ॲल्युमिनियम आणि कुजलेलं सेंद्रिय द्रव्य इथे येऊन साचलंय. अशी माती वरून खाली, उभी घडते असं पुस्तकं शिकवतात. इथे ती आडवी घडली. हिमनदी ओसरल्यापासूनच्या सुमारे १४,००० वर्षांत पाणी ज्या वाटेने गेलं, त्या वाटेची माती झाली. आता तीच माती पाण्यात काय उतरायचं ते ठरवते.

जोराचा पाऊस झाला की माथ्यावरच्या या पातळ मातीत पाणी चढतं आणि ॲल्युमिनियम, सेंद्रिय कार्बन घेऊन ओढ्याला मिळतं. उघडीप पडली की ती वाट तुटते आणि ओढा खालच्या जाड मातीच्या पाझरावर वाहत राहतो.