टपाल कार्यालयांचे प्रकार (कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

भारतीय टपाल खात्याच्या ज्या ज्या ठिकाणी पत्रे, पार्सले आणि पैसे घेतले जातात, वेगळे केले जातात, पुढे धाडले जातात किंवा घरपोच दिले जातात, त्या सगळ्यांना बोलण्यात सरसकट ‘पोस्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात ही ठिकाणे एका जातीची नाहीत. कोल्हापुरात रमणमळ्यातले मुख्य डाकघर, राजारामपुरीतले उपडाकघर, रेल्वे स्टेशनाजवळची आर.एम.एस.ची, म्हणजे टपाल छाननीची, कचेरी आणि गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या गावात घराच्या ओसरीवर चालणारे शाखा डाकघर, या चारही जागी लाल-पिवळी पाटी दिसली तरी काम वेगळे, अधिकार वेगळे आणि जबाबदारीही वेगळी. प्रकार ठरतो तो इमारतीच्या आकारावरून नव्हे. हिशेब कोण कोणाला देतो, टपाल कोण वाटतो आणि छाननी कोण करतो, या तीन गोष्टींवरून तो ठरतो.

१ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिश भारतातील टपाल एका खात्याखाली आले आणि अंतर कितीही असो, पत्राला अर्ध्या आण्याचा एकच दर लागू झाला. आज देशात १ लाख ६० हजारांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे: देशातले सर्वसाधारण पोस्ट म्हणजे शहरातली काउंटरची रांग नव्हे, तर खेड्यातली एक खोली.

हिशेबाची उतरंड

मुख्य डाकघर, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘हेड पोस्ट’, हे हिशेबाचे घर असते. त्याच्या हाताखालच्या सर्व उपडाकघरांचे रोजचे हिशेब तिथे येऊन मिळतात, तिकिटांचा साठा आणि रोकड तिथून खाली जाते, आणि बचत खात्यांच्या व्यवहारांची तपासणी करणारी स्वतंत्र शाखाही तिथेच बसते. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला वाटते, हे नुसते मोठे पोस्ट आहे. खरे तर हेड पोस्टाच्या आतल्या खोल्यांतच हेडपण असते.

जीपीओ, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिस, हा कामाने वेगळा प्रकार नाही, मानाने वेगळा आहे. मोठ्या शहरातल्या, बहुधा राज्याच्या राजधानीतल्या प्रमुख डाकघराला हे नाव मिळते. मुंबईचे जीपीओ १९१३ साली पूर्ण झाले. जॉन बेग यांनी त्याची रचना केली आणि त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. कोल्हापूरला जीपीओ नाही, हेड पोस्ट आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्याने काही अडत नाही.

उपडाकघर खात्याच्या नोकरांकडून चालवले जाते. कुठे सात-आठ माणसे असतात, कुठे एकटा उपडाकपालच तिकिटे विकतो, पार्सल तोलतो, बचत खात्याच्या पासबुकात नोंद करतो आणि संध्याकाळी थैली बांधतो. अशा एकट्याच्या कचेरीत उपडाकपाल जेवायला उठला की काउंटर थांबते. लोक याला आळस म्हणतात. ती मनुष्यबळाची मर्यादा आहे. पेठांमधली, तालुक्याच्या गावची आणि बाजारपेठांमधली बहुतेक पोस्टे याच प्रकारची असतात. उपडाकघराचे महत्त्व दुहेरी आहे. वर ते हेड पोस्टाला हिशेब देते आणि खाली दहा-पंधरा खेड्यांच्या शाखा डाकघरांचे हिशेब घेते. या दुसऱ्या नात्यामुळे त्याला ‘लेखा कार्यालय’ म्हणतात.

शाखा डाकघर

सगळ्या व्यवस्थेचा खरा भार शाखा डाकघर वाहते. शाखा डाकपाल आणि डाक सेवक हे ग्रामीण डाक सेवक या वर्गातले. पूर्वी त्यांना ‘ई.डी.’, म्हणजे खात्याबाहेरचे सेवक म्हणत. कल्पना अशी होती की गावातला शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी आपला धंदा सांभाळून रोज चार-पाच तास पोस्ट चालवील. नियमाची चौकट आजही तीच आहे. कामाचे तास ठरलेले, उपजीविकेचे दुसरे साधन असावे अशी अपेक्षा, आणि पोस्टासाठी जागा शाखा डाकपालानेच द्यायची. म्हणून भुदरगड किंवा आजरा तालुक्यात पोस्ट शोधताना इमारत शोधू नये, माणूस विचारावा. ‘पोस्ट कुठं हाय?’ याला उत्तर मिळते ते कुणाच्या तरी घराचे.

दिवस असा जातो. उपडाकघरातून बांधलेली थैली एस.टी.ने, खात्याच्या गाडीने किंवा डाक सेवकाच्या मोटारसायकलवरून येते. शाखा डाकपाल थैलीचे सील पाहतो, आतल्या कागदाशी वस्तू ताडून घेतो, पत्रांवर तारखेचा शिक्का मारतो आणि वाटपाला देतो. गावातून आलेली पत्रे, बचतीचे भरणे आणि विम्याचे हप्ते नोंदवले जातात. दुपारनंतर थैली पुन्हा बांधून उलट वाटेला लागते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्तीची रोकड तिच्यासोबतच लेखा कार्यालयात जाते. पैसे कमी पडले तर मागणीही त्याच थैलीतून. हाती असलेल्या यंत्रामुळे आता नोंद तिथल्या तिथे होते, पण रोकड मात्र अजून रस्त्यानेच यावी लागते. शाखेतून एका दिवसात काढता येणाऱ्या रकमेची मर्यादा पूर्वी ५,००० रुपये होती, ती २०,००० करण्यात आली. शहरातल्या माणसाला हा किरकोळ बदल वाटेल. ज्या गावात बँक नाही, तिथे उसाचे बिल, आजारपण किंवा पोरीचे लग्न यांचा हिशेब या आकड्याशी जोडलेला असतो.

हा सेवक ६५ वर्षांपर्यंत काम करतो, गावाची पत्रे, पैसे आणि बहुतेकांची गुपितेही सांभाळतो, पण नियमित नोकरांसारखे निवृत्तिवेतन त्याला नाही. देशातल्या दहा पोस्टांपैकी आठ-नऊ ज्यांच्या घरात चालतात, त्यांना ‘अर्धवेळ’ या शब्दात बसवणे ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

नवे शाखा डाकघर उघडण्याचे निकष ठरलेले आहेत. सर्वात जवळच्या पोस्टापासून किमान ३ किलोमीटर अंतर असावे आणि गावांच्या गटाची लोकसंख्या ३,००० असावी. डोंगराळ आणि दुर्गम भागात एका गावासाठी ५०० किंवा गटासाठी १,००० लोकसंख्या पुरते. त्याशिवाय खर्चाच्या काही हिश्श्याइतके उत्पन्न अपेक्षित असते, डोंगरी भागात तो हिस्सा कमी. कोल्हापूर जिल्ह्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. हातकणंगले-शिरोळच्या सपाटीवर ३ किलोमीटर म्हणजे सायकलवरची दहा-पंधरा मिनिटे. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड या पश्चिमेच्या पट्ट्यात आषाढात ओढे भरले की तेच ३ किलोमीटर दिवसभराचे होतात. निकषात अंतर मोजले जाते, पाऊस मोजला जात नाही.

वाटप आणि पिन कोड

दुसरी विभागणी वाटपाची. काही उपडाकघरे टपाल घेतात आणि घरोघर वाटतातही. काही फक्त घेतात, त्यांच्याकडे पोस्टमनच नसतो. शहरातल्या माणसाची फसगत इथे होते. घराशेजारच्या पोस्टात आपले पार्सल आले का, म्हणून तो चौकशी करतो आणि तिथला कारकून त्याला दुसऱ्या पेठेत पाठवतो. कारकून टाळत नसतो. ते पोस्ट वाटपाचे नसते.

पिन कोड समजायचा तो याच संदर्भात. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत संस्कृत पंडित आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा सांगतात, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. राजारामपुरीचा ४१६००८ किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसराचा ४१६००४ म्हणजे त्या भागाचे टपाल कुठून वाटले जाते त्याची खूण. शाखा डाकघराला सहसा स्वतःचा पिन नसतो, ते लेखा कार्यालयाचाच वापरते. त्यामुळे दहा गावे एका पिनखाली येतात आणि पत्त्यात गावाबरोबर ‘पोस्ट’ आणि ‘तालुका’ लिहिण्याची आपली जुनी सवय अजिबात वाया गेलेली नाही. ‘मु. पो.’ ही दोन अक्षरे मुक्काम आणि पोस्ट वेगळे असू शकतात, हे पक्के ठाऊक असलेल्या लोकांनी रूढ केली.

टपालाचा जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळेलच असे नाही. ४१६ या अंकांत कोल्हापूर आहे, सांगली आहे आणि घाटाखालचे मालवण-सावंतवाडीही आहे. रत्नागिरी मात्र साताऱ्याबरोबर ४१५ मध्ये. कारभाराचेही तसेच. कोल्हापूर विभाग टपालाच्या महाराष्ट्र मंडळात (सर्कलमध्ये) मोडतो, पण त्यावरचे क्षेत्रीय कार्यालय पणजीला आहे.

छाननी : रात्रीचे पोस्ट

पत्र टाकणारे पोस्ट आणि पत्र देणारे पोस्ट यांच्या मधे जी कचेरी असते, तिच्याशी सामान्य माणसाचा जवळजवळ संबंधच येत नाही. रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आर.एम.एस., हे तिचे जुने नाव. धावत्या गाडीच्या डब्यात खणांसमोर उभे राहून कर्मचारी रात्रभर पत्रे लावत. आता बहुतेक छाननी स्थिर कचेऱ्यांत आणि मोठ्या केंद्रांत होते, पार्सलांसाठी निराळी केंद्रे आहेत. तरी पाळी रात्रीचीच, कारण दिवसभर गोळा झालेले टपाल पहाटेच्या आत वाटेला लागले पाहिजे.

कोल्हापूरची रेल्वे १८९१ साली संस्थानच्या खर्चाने मिरजेपर्यंत झाली, आणि लोहमार्ग आजही कोल्हापुरातच संपतो. टर्मिनस असणे टपालाच्या भाषेत महत्त्वाचे. रेल्वेने येणारे टपाल मिरज जंक्शनवरून आत येते आणि त्याच वाटेने बाहेर पडते. पश्चिमेकडच्या सगळ्या तालुक्यांना पुढे रस्ताच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हा जिल्ह्याचा बाहेरच्या जगाशी असलेला मोठा धागाच तुटला होता.

लष्करी टपाल

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत घरोघरी फौजेतली माणसे. तिथल्या आई-बापांना टपालाचा आणखी एक प्रकार चांगला ठाऊक आहे. मुलगा कुठे आहे हे पत्त्यावर नसते. नाव, नंबर, पलटण आणि ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ (लष्करी डाकघर) किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढेच. हे टपाल आधी लष्कराच्या मध्यवर्ती तळ डाकघरात जाते आणि पलटण जिथे असेल तिथल्या फील्ड पोस्टापर्यंत तिथून पोचवले जाते. या पत्त्यांचा पिन ९ ने सुरू होतो. १९७२ पासून लष्करी टपाल सेवेचे स्वतंत्र दल (कोअर) आहे, तरी तिथले बरेच कर्मचारी मुलकी टपाल खात्यातूनच जातात. ठिकाण न सांगता पत्र पोचवणे, हे या संपूर्ण व्यवस्थेतले सर्वांत नाजूक आणि सर्वांत हृद्य काम आहे.

इतर

तिकिटांचा परवानाधारक विक्रेता आणि रस्त्यावरची लाल पेटी ही सर्वांत लहान टोके. पेटीवरच्या पाटीवर ती कधी उघडली जाईल ते लिहिलेले असते. ती वेळ वाचून पत्र टाकणाऱ्याचे पत्र त्याच दिवशी निघते. परदेशी टपालाची कचेरी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आहे आणि तिथे जकात तपासणी होते. लहान निर्यातदारांसाठी आता ठिकठिकाणच्या डाकघरांत निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल घरात बसून बनवणाऱ्या कारागिराला ही सोय फार मोलाची आहे.

कामाचे स्वरूपही बदलत गेले. तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. कार्यालयांची उतरंड मात्र तशीच राहिली.

शेवटचा प्रकार न पोचलेल्या पत्रांचा. पत्ता सापडला नाही आणि पाठवणाऱ्याचे नावही बाहेर नसेल, तर पत्र मंडळाच्या परत-पत्र कार्यालयात जाते. तिथे, गुप्ततेला बांधलेल्या नेमलेल्या कर्मचाऱ्यालाच ते उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्याचा अधिकार असतो. पत्ता मिळाला की पत्र पुन्हा बंद होते आणि छाननी, उपडाकघर, थैली अशा त्याच टप्प्यांनी ज्या शाखा डाकघरातून निघाले होते तिथे परत येते.