खुर्द्याची गणती: युद्धविरोधी कवितेतला शिपाई

सातारा-सांगलीकडच्या कविसंमेलनात कुणी युद्धाच्या विरोधातली कविता वाचायला घेतली की समोर चुळबुळ सुरू होते. साहजिक आहे. इथे वाडीवस्तीवर कुणाचा ना कुणाचा पोरगा पलटणीत असतो आणि अशी कविता म्हणजे त्याच्या वर्दीचा अपमान, असं लोकांना वाटतं. मला अगदी उलट वाटतं. ही कविता शिपायाची बाजू घेते. ती कुठून आली हे पाहिलं की ते पटावं.

सुरुवात पानिपतापासून करू. १४ जानेवारी १७६१च्या संहारानंतर पेशव्यांकडे आलेली सांकेतिक चिठ्ठी मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आणि खुर्दा म्हणजे भाला खांद्यावर टाकून गावातून चालत गेलेला माणूस. आपला पोवाडाही बहुतेक मोती-मोहरांचाच राहिला. त्यात आवेश आहे, पराक्रम आहे, पण शिपायाला तहान लागलेली फारशी दिसत नाही. महाभारतातल्या स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर प्रेतं ओळखत फिरते, तेवढा एक जुना, थेट हिशेब आपल्यापाशी आहे.

पहिल्या महायुद्धात खुर्द्याची मोजदाद झाली, पण आकड्यांत. हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसं गेली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्यांत होते. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते याच परंपरेमुळे. सरकारने तेव्हा देशभर गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. त्यांचा साचा ठरलेला: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर तर याहून वाईट झालं. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. इराकमध्येच कूत या गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर घोडे कापले गेले आणि कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, तोवर माणसं भुकेने खंगली होती. यातलं काहीही दगडावर येत नाही.

याच महायुद्धात, फ्रान्सच्या खंदकांत, इंग्रजी कविता बदलली. कारण सरळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या लढाईवर लिहिणारा घरी बसलेला असे. आता शिकलेली पोरं स्वतः चिखलात उभी होती, समोर मशीनगन होती आणि वाऱ्यावर विषारी वायू येत होता. त्यांतल्याच विल्फ्रेड ओवेनने वायुहल्ल्यावर कविता लिहिली, तिच्या सुरुवातीला शत्रू नाहीच. म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखी वाकलेली, खोकणारी पोरं चिखलातून चालली आहेत. कित्येकांचे बूट गेलेत, पावलांवर रक्ताचेच बूट चढलेत. देशासाठी मरण गोड असतं, या जुन्या लॅटिन वचनाला तो शेवटी खोटं ठरवतो, पण आधी पाय दाखवतो.

ती कविता वाचताना मला माझे चुलत आजोबा आठवतात. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. त्यांची नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक अजून माळ्यावर आहे. ‘जर्मन कसा होता?’ असं आम्ही पोरं विचारायचो आणि ते चिखलाचं सांगायचे. दारूगोळा वाहणारी खेचरं, ओले मोजे, बुटातून न निघणारे सुजलेले पाय. थंडीत ते चुलीपाशी बसून बोटांना खोबरेल चोळायचे आणि तेव्हाच काय ते बोलायचे. त्यांनी ओवेनचं नावही ऐकलं नव्हतं.

आणि हे कवी पळपुटे नव्हते. ओवेन आणि त्याच्यासारखाच खंदकात लढलेला कवी सिगफ्रीड ससून, दोघांनाही शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला होता. ससूनने १९१७मध्ये युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं, तरीही पुढे तो आपल्या माणसांकडे, आघाडीवर परतला. ओवेनही परतला आणि युद्ध संपायला आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला. १९२०मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहिलं: निरोप घेताना मुलाने तुमच्या ओळी म्हटल्या होत्या.

त्याच खंदकांतला आणखी एक इंग्रज कवी आयझॅक रोझेनबर्ग, त्याच्या १९१६च्या कवितेत पहाटेच्या खंदकात एक उंदीर येतो. तो इंग्रजाच्या हाताला शिवून जर्मनाकडेही जाईल, त्याला कुणाचीच आडकाठी नाही. मला इथे हटकून मर्ढेकर आठवतात, मूळचे साताऱ्याजवळच्या मर्ढ्याचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७च्या ‘काही कविता’त, त्यांचे ते ओल्या पिंपातले उंदीर मेलेले आहेत. कविता थेट लढाईवर नाही, पण लाखांनी माणसं मेल्यानंतरच्या जगातली आहे, एवढं नक्की.

मग मराठीत शिपायाने स्वतः लिहिलेली अशी कविता त्या काळात का दिसत नाही? बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि ते सेन्सॉरच्या हाताखालून जायचं. पहिल्या महायुद्धातले हिंदी शिपाई म्हणून आडून लिहीत: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची येते आहे. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे. प्रतिमा म्हणून हे कुठल्याही कवितेच्या तोडीचं आहे.

पुढेही आपल्याकडे लढाईचं गाणं मुख्यतः चेतवणारं राहिलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३च्या सुमारास स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, आणि त्या वेळी फॅसिझमविरुद्ध तो हवाच होता. चीनच्या युद्धानंतर शेटफळ्याच्या गदिमांचं ‘जिंकू किंवा मरू’ गावोगाव घुमलं. ही गाणी मलाही पाठ आहेत. पण जिंकणं आणि मरणं यांच्यामध्ये शिपायाचे जे दिवस जातात, ते त्यांत नाहीत.

आजोबा जिवंत आहेत हे पणजीला कळायचं ते मनीऑर्डर आली की. कुपनावरच्या दोन ओळी कुणा दुसऱ्याच्या अक्षरातल्या असायच्या, आणि पोस्टमनच त्या वाचून दाखवायचा. ती सगळी कुपनं तिने देव्हाऱ्यामागे एका डब्यात जपली होती. इटलीतल्या त्या हिवाळ्यातलीही त्यात आहेत. मजकूर सगळ्यांवर एकच: मी खुशाल आहे, काळजी नसावी.