डोमेन हलवलं म्हणून साइट बंद पडत नाही

कोल्हापुरात चप्पल लाइनपासून उद्यमनगरपर्यंत एक समज पक्का बसलाय: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेलं की वेबसाइट बंद, मेल बंद, वर उरलेल्या मुदतीचे पैसेही बुडाले. तसं काही नाही.

रजिस्ट्रारकडे असते ती फक्त नावाची नोंद. साइट असते होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, आणि ती कुठे आहे हे सांगतात नेमसर्व्हर. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर तेच राहतात, त्यामुळे चपलांची ऑर्डर त्या दिवशीही येतेच. गोची एकाच ठिकाणी होते. जुन्या रजिस्ट्रारचंच फुकटातलं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) वापरत असाल, तर तो ते बंद करू शकतो. म्हणून ए (साइटचा पत्ता) आणि एमएक्स (मेलचा पत्ता) रेकॉर्ड आधीच दुसरीकडे भरून ठेवा आणि नेमसर्व्हर तिकडे वळवा. ‘मेल गेला’ ही बोंब बहुतेक वेळा या एमएक्सपायीच असते.

मुदतीचं तर उलटंच: डॉट कॉमला ट्रान्सफरच्या फीमध्ये साधारणपणे एक वर्ष वाढूनच मिळतं, एकूण 10 वर्षांच्या मर्यादेत.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नवी नोंदणी असेल तर सहसा 60 दिवस थांबावं लागतं. मग डोमेन हलू न देणारा लॉक काढायचा, जुन्या रजिस्ट्रारकडे ऑथ कोड (ट्रान्सफरचा पासवर्ड) मागायचा. डोमेनचे नियम ठरवणारी संस्था आयकॅन, तिच्या नियमानुसार रजिस्ट्रारला तो 5 दिवसांत द्यावाच लागतो. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ हे कारण चालत नाही.